लाल दोऱ्याचा चार्जर

"माझ्या सुनेला भांडखोर म्हणा, मी ऐकून घेईन. हिच्या हातची भाजी खारट होते म्हणा, मी स्वतः मान डोलवीन. पण ही बेफिकीर आहे असं कोणी म्हणालं ना, तर देवाशप्पथ सांगते, त्याच्या दारात जाऊन बसेन!"

उंबऱ्यातूनच हे सगळं एका दमात सांगून म्हातारी खुर्चीत टेकली. तिच्यामागून तिची सून आत आली. तिचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता आणि डोळे रडून सुजले होते.

'खाजगी तपास' एवढीच पाटी लावलेली ही खोली म्हणजे वहिनींचं ऑफिस. वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं तपासत. राखेत हात घालून आग कुठे सुरू झाली ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांना वहिनी म्हणणारे पहिले म्हणजे त्यांचे धाकटे दीर. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते मदतनीस म्हणून येऊन बसू लागले, आणि त्यांचं ऐकून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणू लागली.

"भावोजी, पाणी आणा," वहिनी म्हणाल्या. "आणि तू बोल गं. सासूबाईंनी निकाल सांगितला, तू आता खटला सांग."

सून कसनुसं हसली. "मी शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करते. शाळेचे गणवेश असतात. परवा सुट्टीत आम्ही सगळ्या अंगणात जेवत होतो. धुराचा वास आला म्हणून मी आत धावले. फोन चार्ज करायची एक फळी आहे, तिथे एक चार्जर पेटला होता आणि शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यांनी आग धरली होती. मी आधी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. मग जाड ताडपत्री टाकून दाबून धरली."

"त्यात हात गेला," सासू म्हणाली. "काजं करायचा हात!"

"मग कटिंग मास्तर आले. म्हणाले, तू जा, हातावर पाणी धर, इथलं मी बघतो. बायका मला नळावर घेऊन गेल्या. परत आलो तर मास्तर म्हणाले, अगं, हा तर तुझाच चार्जर. लाल दोरा आहे बघ."

"कसला दोरा?" भावोजींनी विचारलं.

"आम्ही सगळे आपापल्या वस्तूंना दोरा बांधतो. माझा लाल, मास्तरांचा निळा. कात्री, डबा, चार्जर, सगळ्याला. नाव कोण वाचत बसणार? दोरा दिसला की वस्तू कोणाची ते कळतं." तिने डाव्या हाताने पिशवीतून छोटी कात्री काढली. कात्रीच्या कानाला लाल दोरा होता. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी, घट्ट, आणि टोकं मुळापासून कापलेली.

"शेपूट नाही ठेवत?"

"छे! सुईत अडकतं. सवयच आहे, निरगाठ मारायची आणि टोकं उडवायची."

"परवा तुझा चार्जर चालू होता?"

"नाही हो. फोन सकाळीच भरला होता. चार्जर काढून फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. पण मालक म्हणतात, विसरली असशील. उद्या सकाळी सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि काम सोडायचं, नाहीतर पोलिसात देणार." तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "मास्तरांनी रदबदली केली म्हणून एवढ्यावर आलं. फार मायेचे आहेत ते. जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हाताने फोन कानाला, सासरी गेलेल्या लेकीशी रोज बोलतात."

"आणि तो चार्जर मी निवडून दिला होता!" सासूने खुर्चीचा हात बडवला. "जुना बिघडला तेव्हा शेजारच्या मोबाईलवाल्याकडे गेले. त्याच्या डब्या हातात घेतल्या तर सुक्या पानासारख्या हलक्या. मी म्हटलं, आत काही आहे की नुसती हवा? मग बसने कंपनीच्या दुकानात गेले. जुन्यावर लिहिलं होतं पाच व्होल्ट, दोन अँपिअर. चष्मा लावून तेच आकडे जुळवले, सरकारी शिक्का बघितला, बिल घेतलं. माझी निवड पेटणारच नाही!"

वहिनी उठल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण भावोजींना त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या. वहिनी फार संतापल्या की तसं व्हायचं.

"जिने आग विझवली तिलाच आग लावली म्हणायचं," त्या म्हणाल्या. "चला, भावोजी."

*

कारखान्याचे मालक घाईत होते. घाईत असलेल्या माणसाला न्याय करताना पाहणं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

"बाई, इथे तपास कसला? चार्जर तिचा, दोरा तिचा. विषय संपला." त्यांनी ड्रॉवरमधून एक काळीठिक्कर डबी काढून टेबलावर आपटली.

वहिनींनी ती रुमालात उचलली. वरची बाजू वितळून आत बसली होती. पिना काळ्या पडल्या होत्या. मानेभोवती लालभडक दोरा होता, सुनेच्या कात्रीला होता तोच जाड, चकचकीत काजाचा दोरा. गाठीचा छोटा फासा वर आला होता आणि एक टोक बोटभर खाली लोंबत होतं. वहिनींनी डबी उलटी केली. खालचा भाग वाचला होता. त्यावर मोठ्या अक्षरात '६५ वॅट' लिहिलेलं होतं. बाकी कोणी बनवला, किती व्होल्ट, कसला शिक्का, काहीही नव्हतं.

भावोजींनी डबी तळहातावर झेलली. "केवढी हलकी आहे हो!"

"जळून हलकी झाली असेल," मालक म्हणाले. "मास्तरांनी मला नीट समजावलंय. हिचा फोन छोटा. त्याला हा राक्षसी चार्जर लावला. जास्तीचा करंट घुसला आणि भडका उडाला. अहो, फोनबरोबर आलेला किंवा त्या कंपनीचाच चार्जर आणायचा, हा इथला नियम आहे. तोडला की नोकरी गेली. मास्तर स्वतः फळी तपासतात."

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"गिऱ्हाइकाकडे. सुट्टीतच मास्तरांना सारखा फोन लावत होतो, मापं विचारायला. पण उचलेनात. वैतागून परत आलो तर इथे हा धूर. नवी शाखा मास्तरांच्या हवाली करायची म्हणतोय, आणि त्यात ही भानगड!"

"तिच्या हाताला डॉक्टरकडे कोणी नेलं?"

मालक गोंधळले. "ते… नेलं असेल ना घरच्यांनी."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मालकांना टेबलावरचे कागद नीट करण्याची आठवण झाली.

*

कटिंग मास्तर लांबलचक टेबलाशी उभे होते. बोटांना निळा खडू, गळ्यात टेप, चेहऱ्यावर गोड हसू. बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. बाह्यांचे तुकडे एकावर एक रचायचे, दोरा गुंडाळायचा, फासा काढून टोक लोंबतं ठेवायचं, गठ्ठा पुढे सरकवायचा. मशीनवरची बाई गठ्ठा उचलून टोक ओढे, की गाठ आपोआप सुटे.

"सुरगाठ," भावोजी कौतुकाने म्हणाले. "मी आयुष्यभर टपालाच्या थैल्या बांधल्या, पण इतका झपाटा नाही बघितला!"

"जन्म गेला यात, साहेब. झोपेतसुद्धा हीच गाठ पडते," मास्तर हसले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "पोरीचं वाईट वाटतं हो. गरीब आहे. स्वस्तातला घेतला असेल कुठून तरी. मी मालकांना म्हटलं, माफ करा, लेकीसारखी आहे."

"म्हणजे तिचाच, याची तुम्हाला खात्री आहे."

"मी म्हणून काय होतंय? दोराच बोलतोय."

टेबलाच्या टोकाला कापडाच्या ताग्यामागून एक वायर आली होती आणि तिला मोठा, चकाचक फोन जोडला होता. मास्तरांनी त्यात डोकावून कपाळाला हात लावला. "हे नवे फोन म्हणजे नुसता देखावा. सकाळपासून लावलाय, अजून निम्मासुद्धा भरला नाही."

"काय सांगता?" भावोजींनी आपला फोन काढला. "हा बघा, तोच! माझा तर आंघोळ करून येईपर्यंत काठोकाठ भरतो."

"नशीबवान आहात," मास्तर म्हणाले आणि खडू शोधू लागले.

वहिनींनी टेबलावरून एक गठ्ठा उचलला, उलटसुलट पाहिला आणि जागेवर ठेवला.

*

मोबाईलवाल्याचं दुकान कारखान्याला लागूनच होतं.

"चार्जर हवाय," वहिनी म्हणाल्या.

"ओरिजिनल देऊ की ओरिजिनलसारखा?"

"फरक काय?"

"डोळ्यांना नाही कळणार. खिशाला कळेल," तो डोळा मारून म्हणाला आणि त्याने डब्यांचा ढीग पुढे ओतला. प्रत्येकीवर एक मोठा आकडा, बाकी कोरी. वहिनींनी एक उचलून भावोजींच्या हातावर ठेवली. भावोजींचे डोळे मोठे झाले.

"याच्यावर शिक्का नाही, व्होल्ट-अँपिअरचा पत्ता नाही. पेटला तर?"

"गिऱ्हाईक चुकीचं वापरतं, मॅडम. आमच्या मालात दोष नसतो."

"शेजारच्या काजेवालीने नेला होता तुमच्याकडून?"

"ती कशाला नेईल? तिचा फोन एवढासा. पासष्टचे मोठ्या फोनवालेच मागतात, तासात भरायची हौस असते त्यांना. तिची सासू आली होती एकदा. माझ्या मालाला हवा म्हणाली आणि न घेताच गेली. तशी बाई परत पाठवू नका कोणी!"

रस्त्यावर आल्यावर भावोजींनी मूठ आवळली. "वहिनी, हाच तो गुन्हेगार!"

"एक गुन्हा याचा आहेच. हा आग पुडीत बांधून विकतो आणि वर गिऱ्हाइकालाच शहाणपण शिकवतो. याची तक्रार आजच जाईल." वहिनी थांबल्या. "पण भावोजी, दुकानदार काही आत येऊन दोरा बांधणार नाही. आग आपोआप लागली. गुन्हा आग विझल्यावर झाला."

भावोजींना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे गंभीरपणे मान हलवली.

*

सकाळी कारखान्यातली मशीनं बंद होती. सगळ्या बायका भिंतीशी उभ्या होत्या. मधोमध सून, खाली मान घालून. तिच्या पाठीशी सासू, मान ताठ.

"बोल," मालक म्हणाले. "मग सगळ्यांना कामाला लागू दे."

सुनेचे ओठ हलले. "माझी… माझी चूक…"

"एक अक्षर पुढे बोलू नकोस!" दारातून वहिनींचा आवाज कडाडला. "न केलेलं पाप कबूल करणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं. ते चार्जरचं कलेवर द्या इकडे."

मालकांनी मुकाट्याने डबी दिली. वहिनींनी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"मालक, मास्तरांनी तुम्हाला सांगितलं की लहान फोनला मोठा चार्जर लावला म्हणून जास्त करंट घुसला. हे थोतांड आहे. चार्जरवरचा वॅटचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल ते. धड बनवलेला चार्जर फोन मागेल तेवढंच देतो. पासष्ट वॅटचा चांगला चार्जर हिच्या फोनला लावला असता तर फोन निवांत भरला असता. पेटतो तो असा, ज्याच्या आत संरक्षणाचे भागच नसतात. हा जळून हलका झालेला नाही. असलाच ढीग शेजारच्या दुकानात पडलाय, हलका आणि कोरा. काल भावोजींनी हातात घेऊन पाहिलाय."

"सुका पाचोळा!" भावोजी म्हणाले.

"मी तेच म्हणत होते!" सासू म्हणाली.

"मग हिनेच तिथून घेतला असेल," मालक चाचरत म्हणाले. "दोरा तर हिचाच ना?"

"दोरा बघा. नीट बघा. मी आयुष्यभर जळकी गोदामं पाहिलीत. जिथे प्लास्टिक वितळून गोळा होतं, तिथे सुती दोरा उरतो का? त्याची आधी राख होते. आणि हा दोरा कसा आहे? रिळावरून आत्ता काढल्यासारखा लाल. काजळीचा एक ठिपका नाही. म्हणजे चार्जर आधी जळला आणि दोरा नंतर बांधला गेला."

बायकांमध्ये कुजबुज उठली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कोणी बांधला? आग विझल्यावर सगळ्या बायका हिच्याबरोबर नळावर होत्या. मालक बाहेर. आत एकच माणूस राहिला, 'इथलं मी बघतो' म्हणून. आणि त्याने खरंच बघितलं."

सगळ्यांच्या माना कटिंग टेबलाकडे वळल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यातून माणूस निघून गेला होता.

"वहिनी, काहीतरीच! दोरा कोणीही बांधेल."

"दोरा कोणीही बांधेल. गाठ ज्याची त्याचीच पडते." वहिनींनी सुनेची कात्री पुढे केली. "ही हिची गाठ. निरगाठ, टोकं कापलेली. आणि ही चार्जरवरची." त्यांनी लोंबतं टोक धरलं आणि हलकेच ओढलं.

गाठ सुटली. लाल दोरा डबीवरून घसरून जमिनीवर पडला.

मशीनवरच्या बाईने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! ही तर गठ्ठ्याची गाठ!"

"झोपेतसुद्धा हीच पडते, असं मास्तर स्वतःच म्हणाले. मग भीतीत दुसरी कशी पडेल? हिच्या चार्जरवरचा दोरा सुटणारा नव्हता, तो कापावा लागला. म्हणून हिच्या रिळातला नवा घेतला आणि आपल्या जळक्या चार्जरला बांधला. आपला निळा दोरा तर जळूनच गेला होता." वहिनी एक पाऊल पुढे गेल्या. "मालक, तुम्ही सुट्टीत यांना फोन लावत होता. रोज जेवताना फोन कानाला लावणारा माणूस त्या दिवशी उचलत का नव्हता? फोन त्यांच्याजवळ नव्हताच. तो फळीवर होता, या कोऱ्या डबीला जोडलेला. लांब वायरमुळे तो वाचला, आणि त्यांनी तो धुरातून काढून घेतला."

"हे सगळं अंदाजपंचे!" मास्तर ओरडले. आवाजातला गोडवा संपला होता.

"अंदाज? बरं. तुमचा आताचा चार्जर दाखवा."

मास्तर हलले नाहीत. भावोजी मात्र एकदम उजळले.

"वहिनी! माझा फोन आंघोळीत भरतो आणि यांचा दिवसभरात नाही! तोच फोन!"

"शाबास, भावोजी. तुम्हीच काल कोडं सोडवलं होतं, फक्त तुम्हाला कळवायचं राहिलं. मोठ्या फोनला छोटा चार्जर लावला की काही बिघडत नाही, फक्त भरायला दिवस जातो. मास्तरांचा जळला होता. हिचा फळीवरून नाहीसा करायचा होताच, म्हणून तोच वापरायला घेतला. वायर स्वतःची, डबी हिची."

त्यांनी कापडाचा तागा बाजूला सारला, भिंतीतल्या प्लगमधून एक पांढरी डबी उपसली आणि सासूच्या हातात ठेवली. म्हातारीने चष्मा लावला.

"पाच व्होल्ट, दोन अँपिअर. शिक्का आहे." तिने डबी तळहातावर तोलली. "वजन आहे. आणि मानेला ही लाल रेघ बघा. दोऱ्याचा रंग उतरलाय. माझीच निवड!"

मास्तर स्टुलावर बसले. "शाखा जाईल म्हणून भ्यालो," ते पुटपुटले. "नियम माझाच होता. माझा चांगला चार्जर बिघडला, म्हटलं थोडे दिवस हा चालवू. मी तिला पोलिसात जाऊ देणार नव्हतो. रदबदली केली ना मी…"

"तेच तर!" वहिनींच्या नाकपुड्या पुन्हा फुलल्या होत्या. "भिऊन खोटं बोलला असतात तर तो दुबळेपणा म्हटला असता. पण तुम्ही तिला बुडवलंत आणि काठावर उभं राहून दयेचे उपकारही घेतलेत तिच्याकडून! काल तुमची कड घेऊन बोलत होती ती माझ्याजवळ. लेकीसारखी म्हणालात. आपल्या लेकीच्या गळ्यात असा दोरा बांधला असता?"

मग वहिनी मालकांकडे वळल्या, आणि मालक नकळत एक पाऊल मागे सरले. "आणि तुम्ही! ज्या हाताने तुमचा कारखाना वाचवला, त्या हाताला पट्टी कोणी बांधली हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. एक दोरा ओढून बघायचे कष्ट घेतले असतेत, तर या पोरीच्या तीन रात्री रडण्यात गेल्या नसत्या."

मालकांनी सुनेसमोर येऊन सगळ्यांच्या देखत हात जोडले. "चुकलो. हात बरा होईपर्यंत घरी राहा, पगार चालू राहील, औषधाचं माझ्याकडे. मास्तर, तुमचं काय करायचं ते नंतर. आधी टेप उतरवून ठेवा."

सून रडत होती, पण आता मान वर करून. "माझा चार्जर," ती सासूला म्हणाली, "त्याला दोरा नाही."

म्हातारीने जमिनीवरचा लाल दोरा उचलला आणि लांब फेकून दिला. सुनेच्या रिळातला नवा तोडला. पांढऱ्या डबीच्या मानेभोवती, त्या जुन्या लाल रेघेवरच, तो गुंडाळला, गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि टोकं दातांनी कुरतडून टाकली.

मग ती डबी तिने मालकांच्या नाकासमोर धरली.

"घ्या," ती म्हणाली. "आता ओढून बघा."